टिपाड, उकिरडा आणि कणगी

घरातल्या किड्यांविषयी आपल्याला वाटणारी किळस आणि त्यांच्यापासून होणारा खरा अपाय यांचा मेळ सहसा बसत नाही. रात्री दिवा लावताच ओट्यावरून झुरळ पळालं तर सगळं घर हातात चप्पल घेऊन उभं राहतं. मोरीतल्या टिपाडात पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली, जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर लांबीची काळी अंडी मात्र कुणी वाकून पाहत नाही. अपाय मोजायचा तर झुरळापेक्षा ती अंडी कितीतरी महाग पडतात.

मला वाटतं, किड्यांची यादी करण्याआधी घर काय काय साठवतं ते पाहावं. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना साठ-पासष्ट किलोमीटरवर लागणाऱ्या सिल्लोडमध्ये आणि त्याच्या आजूबाजूच्या गावांत तीन गोष्टी साठवल्याशिवाय घर चालतच नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पाणी, शेतकऱ्याचं घर म्हणून धान्य आणि दावणीला जनावरं आहेत म्हणून शेण. घरातले बहुतेक अपायकारक किडे या तीन साठ्यांवर जगतात. स्वच्छतेचे धडे माणसाला दिले जातात, पण साठवण ही त्याची हौस नाही, गरज आहे. म्हणून प्रश्न साठवायचं की नाही हा नसून कसं साठवायचं हा आहे.

आधी पाणी. सिल्लोड शहराचं पाणी पालोदजवळच्या खेळणा मध्यम प्रकल्पातून येतं. पाऊस कमी झाला की धरण आटतं, नळाच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढतं आणि तितकी घरातली भांडी वाढतात. प्लास्टिकची टिपाडं, सिमेंटचा हौद, गच्चीवरची टाकी, दाराशी जनावरांसाठी रांजण. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला नेमकं हेच लागतं. गटारातल्या घाण पाण्यात वाढणारे, रात्री कानाशी गुणगुणणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे असतात. एडिसची मादी स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी शोधते. तिच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, ती दिवसा चावते आणि चावताना फारसा आवाज करत नाही. जन्मली त्या जागेपासून ती साधारण शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. घरात डेंग्यूचा रुग्ण निघाला तर डास आपल्याच किंवा शेजारच्याच टिपाडातला असण्याची शक्यता मोठी.

हा डास पाण्यात अंडी सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या थोडं वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला तो एकेक अंडं चिकटवतो. भांडं रिकामं झालं, वाळलं, कोपऱ्यात उपडं पडून राहिलं तरी ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या बाहेर पडतात आणि उष्ण दिवसांत आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. त्यामुळे टिपाड नुसतं ओतून दिल्याने काम होत नाही. आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासावी लागते, तीही वरच्या कडेपर्यंत. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो तो या हिशेबाने: आठवड्याला एकदा भांडी रिकामी करून घासली तर अळीला डास होण्याइतका वेळच मिळत नाही.

अडचण अशी की नळाची पाळी आठ-दहा दिवसांवर गेली की डासाचा जन्म दोन पाळ्यांच्या मधेच पूर्ण होतो. उद्या पाणी येईल की नाही याची खात्री नसलेल्या बाईला ‘टिपाड ओतून टाका’ म्हणून सांगणं हा अन्याय आहे. नळाचं वेळापत्रक हा पाणीपुरवठ्याइतकाच आरोग्याचाही विषय आहे आणि नगरपालिकांनी तो तसा धरायला हवा. तोवर घराच्या हातात झाकण उरतं. पण लाकडी फळी किंवा ताट ठेवून भागत नाही, कारण डासाला बोटभर फट पुरते. जुन्या साडीचा किंवा धोतराचा दुहेरी कपडा टिपाडाच्या तोंडावर ताणून दोरीने घट्ट बांधला तर मादीला आत जाता येत नाही. रिकामं करता न येणाऱ्या, वापराच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडावेत, ते अळ्या खातात. आशाताई किंवा आरोग्यसेवक ‘अबेटिंग’ करायला येतात तेव्हा ते टेमिफॉस हे अळीनाशक ठरलेल्या अत्यल्प प्रमाणात टाकतात. वास येतो म्हणून त्यांच्या पाठीमागे ते पाणी ओतून देणारी घरं आहेत. ओतलं की पुन्हा भरलं आणि पुन्हा अळ्या झाल्या. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, अळ्या मरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात टाकतात तेवढ्या क्लोरीनलाही त्या दाद देत नाहीत.

कोरड्या मुलखात पाण्यात वाढणाऱ्या डासाचा आजार जास्त, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आपल्याकडचा इतिहास तेच सांगतो. 1972 च्या दुष्काळाच्या पाठोपाठ, 1973 साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ हा आजार देशातून जणू नाहीसा झाला होता. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 मध्ये मराठवाड्यातल्या गावोगावी घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. त्या वर्षी देशभरात सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप चार दिवसांत उतरायचा, पण मनगटं आणि घोटे महिनोन् महिने धरलेले राहायचे, आणि हातावर पोट असलेल्या मजुराची खुरपणी-वेचणीची मजुरी बुडायची. बार्शी काय किंवा मराठवाडा काय, दोन्ही अवर्षणाच्या पट्ट्यातले. पाऊस कमी म्हणून साठवण जास्त, आणि साठवण जास्त म्हणून एडिस जास्त.

साथ आली की लोक धूरफवारणी मागतात. गल्लीतून धूर गेला की काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. तो धूर उडत असलेले डास मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही, आणि एडिस तर कपाटामागे, खाटेखाली, अडकवलेल्या कपड्यांत बसलेला असतो. रात्री लावलेल्या कॉइलचंही तसंच आहे. ती जळते रात्री आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसा. वर तिचा धूर वेगळा. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळून संपेपर्यंत 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं मोजलं गेलं. दारं-खिडक्या बंद करून कॉइल पायाशी घेऊन झोपणाऱ्या लेकराच्या छातीत ते कण रात्रभर जातात. दुपारी झोपणाऱ्या बाळावर मच्छरदाणी टाकणं हा त्यापेक्षा फार चांगला उपाय, पण आपल्याकडे मच्छरदाणी म्हणजे रात्रीचीच गोष्ट, असं मानलं जातं.

डेंग्यूबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताप चढलेला असतो तेव्हा घर घाबरलेलं असतं आणि ताप उतरला की निर्धास्त होतं. धोका नेमका तेव्हा सुरू होऊ शकतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप खाली येत असताना, काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मूल सुस्त पडणं किंवा उगाच चिडचिडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावं. अंगदुखीच्या इतर गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

दुसरा साठा शेणाचा. उकिरडा घराला जितका लागून, तितक्या ताटावर माश्या. घरमाशीची मादी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते. ओल्या, ताज्या शेणात अळ्या वाढतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार होते. माशीला दात नाहीत. घट्ट अन्न खाण्यासाठी ती आधी पोटातला रस त्यावर ओकते, ते विरघळवते आणि मग शोषून घेते. पायांना आणि तोंडाला लागलेले हगवणीचे जंतू याच वाटेने भाकरीवर येतात. पाकिस्तानातल्या काही खेड्यांत माश्यांवर नियंत्रण ठेवून पाहिलं तेव्हा लहान मुलांच्या जुलाबात सुमारे 23 टक्क्यांनी घट झाली. हा प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. उकिरडा घरापासून आणि विहिरीपासून लांब हलवणं हा पहिला उपाय. जागाच नसेल तर शेणाचा ढीग प्लास्टिकने झाकून कडांवर माती दाबावी. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात, आणि कोष करायला कोरड्या कडेकडे सरकणाऱ्या अळ्यांची वाटही बंद होते.

पण गोठा आणि मातीची भिंत एकत्र आली की माशीहून भयंकर एक जीव तिथे राहतो. वाळूमाशी. लांबी दोन-तीन मिलिमीटर, रंग मातकट, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणं जास्त, बसली की पंख वर उभारलेले. ती पाण्यात वाढत नाही. भिंतीच्या भेगा, गोठ्याच्या कोपऱ्यातली शेणमिश्रित ओली माती, हे तिचं घर. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याला चांदीपुरा विषाणू म्हणतात. जवळजवळ चाळीस वर्षं तो निरुपद्रवी समजला गेला. 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने आजारी पडलेल्या 329 मुलांपैकी 183 दगावली, त्या साथीची झळ महाराष्ट्रालाही लागली, आणि तपासात हाच विषाणू पुढे आला. 2024 मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापाने फणफणतं, झटके येतात आणि एक-दोन दिवसांत शुद्ध हरपते. त्यावर खास औषध नाही. झटके आवरणं, श्वास चालू ठेवणं हेच उपचार, म्हणून वेळेला फार किंमत आहे. ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋष्याकडे घालवलेला अर्धा दिवस परत मिळत नाही.

डासांसाठी सांगितलेलं इथे फारसं लागू पडत नाही. टिपाडं कितीही घासली तरी वाळूमाशी तशीच राहील, आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत येते. तिच्यासाठी भेगा बुजवायला हव्यात. पूर्वी सणासुदीला घराला लिंपण व्हायचं, पोतेरं फिरायचं, तेव्हा कळत-नकळत तेच होत असे. आता पुढच्या दोन खोल्या सिमेंटच्या आणि मागचा गोठा जुन्या भिंतीचा, अशी घरं पुष्कळ. लिंपण करायला कुणाला सवड नाही. किमान मुलं झोपतात ती भिंत आणि गोठ्याची भिंत एकच नसावी, आणि भेगा जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत तरी भरून घ्याव्यात.

झुरळ आणि ढेकूण यांबद्दल थोडक्यात. झुरळ गटारातून ताटापर्यंत जंतू वाहतं हे खरं, पण त्याचा न दिसणारा अपाय दम्याचा आहे. त्याची विष्ठा आणि गळलेली कात यांची धूळ श्वासातून गेली की काही मुलांना धाप लागते. झुरळं मारल्यानंतरही ही धूळ उरते, म्हणून कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावं. ढेकूण रक्त पितो, तरी रोजच्या जगण्यात तो माणसाला एखादा रोग देतो असा पुरावा नाही. तो झोप मात्र मोडतो. पन्नास अंश उष्णतेत ढेकूण आणि त्याची अंडी मरतात. वैशाखात बाज अंगणात टाकून तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतण्याची रीत अगदी शास्त्रीय आहे. कपाशीवर फवारायला आणलेलं औषध गादीवर शिंपडणं मात्र जिवावरचं काम आहे.

आता धान्य, आणि सिल्लोडमध्ये धान्य म्हटलं की आधी मका. पावसाळा सरताना मका निघतो तेव्हा दाण्यात ओल भरपूर असते. विकायचा तो विकला जातो, थोडा घरी राहतो, जनावरांना आणि कोंबड्यांना ठेवला जातो. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि तोंड बंद करून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. वरून पोतं निर्मळ दिसतं आणि महिना-सव्वा महिन्याने पिठासारखा भुसा गळू लागतो. किडे श्वास घेतात, त्याने पोत्यात उष्णता आणि ओल वाढते, आणि त्या ओलीवर बुरशी येते. खरी काळजी इथे आहे. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृतावर घाला घालतं आणि भाजून, शिजवून पुरतं जात नाही. 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन काविळीसारखा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरची कुत्रीही तशीच आजारी पडली, कारण तीही तेच खात होती. किडका-काळा मका माणसाने खाल्ला नाही तरी म्हशीपुढे टाकला जातो, आणि हे विष रूप बदलून दुधात उतरतं. खराब मका जनावरालाही घालू नये, एवढं आपल्या दुभत्या घरांनी लक्षात ठेवायला हवं.

धान्याच्या साठ्यामागे उंदीर येतात आणि उंदराच्या अंगावर पिसवा. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून तो महाराष्ट्रभर फिरला. तो उंदराच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं. जुनी माणसं ‘उंदीर पडायला लागले’ म्हटल्यावर गाव सोडून रानात झोपड्या घालत. मेलेला उंदीर गार पडला की पिसवा दुसरं उबदार अंग शोधतात, त्यामुळे तो शहाणपणाचाच निर्णय होता. ही शंभर वर्षांपूर्वीची कथा समजू नये. सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात भीतीने लोकांनी घरं सोडली आणि घरांत धान्य राहिलं. उंदीर मातले. ऑगस्ट 1994 मध्ये तिथे पिसवांचा उपद्रव, मग मेलेले उंदीर आणि मग गाठीचा ताप, या क्रमाने प्लेग आला. उंदीर एकाएकी मरू लागले तर हाताने न उचलता आधी आरोग्य केंद्राला कळवावं, आणि उंदीर मारण्याआधी पिसवा मारण्याची व्यवस्था करावी.

आपल्या कोरड्या भागातले लोक पूर्वी पेवात ज्वारी ठेवत. जमिनीत खोल खड्डा, तळाला आणि कडेला कडबा, तोंड मातीने बंद. आत धान्य आणि किडे मिळून प्राणवायू वापरून टाकत, कार्बन डायऑक्साइड साठत असे आणि किडे गुदमरून मरत. म्हणून तर पेव उघडल्यावर आधी दिवा सोडून पाहायचे आणि तो तेवला तरच माणूस उतरायचा. आज बाजारात मिळणाऱ्या हवाबंद पिशव्या याच तत्त्वावर चालतात. एका जाड पोत्यात प्लास्टिकचे एक-दोन अस्तर, तोंड पिळून घट्ट बांधलेलं, आणि काही आठवड्यांत आतले किडे संपतात. विष अजिबात लागत नाही. मात्र धान्य आधी चांगलं वाळलेलं हवं, ओल बारा टक्क्यांच्या आत. घरी पाहायची सोपी तऱ्हा अशी: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि थोडं कोरडं मीठ घालून हलवावं, थोडा वेळ ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर धान्याला अजून ऊन दाखवायला हवं. डाळी-कडधान्यांना एरंडेलाचा हात फिरवण्याची आजीबाईंची रीत भुंग्याची अंडी दाण्यावर टिकू देत नाही.

हे सगळं असताना बहुतेक घरांत सोपी वाट धरली जाते, ती पोत्यात टाकायच्या गोळीची. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ही गोळी हवेतल्या ओलीने फुटते आणि फॉस्फीन वायू सोडते. तो किडे मारतो, तसाच माणूसही. कायद्याने ही गोळी प्रशिक्षित माणसांनीच वापरायची आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, ती उगाच नाही. पण धान्याची पोती ठेवायला वेगळी खोली किती घरांत असते? माणसं निजतात त्याच खोलीत पोती रचलेली असतात, थंडीमुळे खिडकी लावलेली असते आणि वायू रात्रभर हळूहळू साठतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येऊ शकतो, पण झोपलेल्या माणसाला तो जागं करेलच असं नाही. पहाटे एकाच वेळी दोघा-तिघांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीवर दडपण सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं, रात्रीची भाजी बाधली. लहान मुलांना त्रास आधी आणि जास्त होतो.

म्हणून झोपायच्या खोलीत, किंवा तिला लागून दार-फट असलेल्या खोलीत, ही गोळी कधीच टाकू नये. कुणी टाकलीच असेल आणि घरातल्या एकाहून अधिक जणांना असा त्रास होऊ लागला, तर आधी सगळ्यांना उघड्या हवेत आणावं, पोती हलवायला किंवा गोळ्या शोधायला कुणी परत आत जाऊ नये, आणि लगेच रुग्णालय गाठावं. या विषावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात. म्हणून रुग्णाला आणलं त्याच क्षणी डॉक्टरांना ‘घरात धान्याची गोळी टाकली होती’ हे सांगावं. दुकानातून ती सुटी मिळाली असेल तरी रंग, आकार आणि कधी टाकली ते सांगावं, कारण उलटी-जुलाब समजून दिलेल्या सलाइनने हा रुग्ण सावरत नाही.